दिली ते ओएकुस्सी : एका तरुण देशाचं परराष्ट्र धोरण रस्त्यावरून पाहताना

तिमोर-लेस्तेची राजधानी दिली. विमानतळाचं संक्षिप्त नाव डीआयएल, आपल्या दिल्लीचं डीईएल. बॅगेला लावलेल्या पट्टीवरचं मधलं अक्षर काउंटर सोडण्याआधी स्वतः वाचून घ्यावं. फोनवर मराठीत ‘दिली’ लिहिलं की पुष्कळदा आपोआप ‘दिल्ली’ होतं. हॉटेलला किंवा ट्रॅव्हल एजंटला निरोप धाडतानाही तेवढं बघावं.

तिमोर बेटाचा पूर्व भाग म्हणजे हा देश, म्हणून याला पूर्व तिमोरही म्हणत; पश्चिम भाग इंडोनेशियाचा. देश साधारण 15 हजार चौरस किलोमीटरचा, लोकवस्ती तेरा-चौदा लाखांची. म्हणजे पुणे शहरात तो वस्तीने दोनदा मावेल. 20 मे 2002 ला स्वातंत्र्य पुन्हा मिळालं आणि 27 सप्टेंबर 2002 ला तो संयुक्त राष्ट्रांचा 191वा सदस्य झाला. सैन्य लहान, उद्योग नावापुरते. जे काही मिळालं ते ठराव, करार, खटले आणि दूरदूरच्या मित्रांच्या जोरावर मिळालं. म्हणून इथलं परराष्ट्र धोरण संग्रहालयापुरतं उरत नाही. ते रस्त्यांच्या नावांत, नाण्यांत, सिमकार्डात आणि सीमेवरच्या नाक्यात दिसतं. पुढचा आठ दिवसांचा मार्ग तेच पाहण्यासाठी आखलेला आहे. हवामान मे ते नोव्हेंबर कोरडं असतं, तेव्हाच निघावं. पावसाळ्यात डोंगरातले रस्ते खचतात.

पहिला दिवस : बालीहून दिली

मुंबईहून सोयीचा रस्ता बालीच्या देनपासारवरून जातो. बाली ते दिली विमान दोन तासांच्या आत पोचतं, पण घोडं अडतं ते बालीतच. दोन्ही प्रवासांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान थेट पुढे जात नाही. ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्यासाठी इंडोनेशियाचा व्हिसा लागतो. भारतीयांना तो ऑनलाइन मिळतो, फी 5 लाख रुपिया, पण प्रवेश एकदाच. परतताना बालीत पुन्हा उतरायचं तर दुसरा व्हिसा काढावा लागतो. हा दुसरा खर्च पुष्कळांच्या हिशेबात नसतो. एकाच तिकिटावर सगळा प्रवास बसला तर हा प्रश्नच उरत नाही, म्हणून आधी तशी सोय शोधावी.

दिलीच्या विमानतळावर उतरल्यावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा, फी 30 अमेरिकी डॉलर. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी, कोरं पान हवं, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता कागदावर छापलेला हवा. पैसे रोख द्यावेत. काउंटरवर कार्ड चालेल या भरवशावर राहू नये. नियम बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात एकदा तपासावं. घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे करावं.

विमानतळाला निकोलाउ लोबातो यांचं नाव आहे. 28 नोव्हेंबर 1975 ला फ्रेतिलिन पक्षाने पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हाचे ते पंतप्रधान. नऊ दिवसांनी, 7 डिसेंबरला, इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. लोबातो डोंगरात लढत राहिले आणि 31 डिसेंबर 1978 ला मारले गेले.

सिमकार्डाचे पर्याय नीट पाहण्यासारखे आहेत. तिमोर टेलिकॉम पोर्तुगीज भांडवलातून सुरू झाली, टेलकोमसेल इंडोनेशियाची, तेलेमोर व्हिएतनामची. बँकांचंही तेच: बीएनयू पोर्तुगालची, मांदिरी इंडोनेशियाची, एएनझेड ऑस्ट्रेलियाची. एटीएममधून डॉलरच येतात, कारण देशाचं चलन अमेरिकी डॉलर आहे. नोटा स्वतःच्या नाहीत, नाणी मात्र आहेत. एका सेंटाव्होवर शिंपला, पाचावर भाताचं रोप, दहावर कोंबडा, पंचविसावर होडी, पन्नासावर कॉफी. मायक्रोलेट नावाच्या छोट्या बसमध्ये बसलं की हे नाणं दोनदा कामाला येतं. उतरायची जागा जवळ आली की प्रवासी ते छतालगतच्या लोखंडी दांडीवर टकटक वाजवतो, बस थांबते, आणि तेच नाणं भाड्यात जातं. मोठ्या नोटेची मोड मायक्रोलेटवाल्याकडे नसते, म्हणून पहिल्याच दिवशी सुटे पैसे करून घ्यावेत.

संध्याकाळ तासितोलुला घालवावी. विमानतळाच्या पश्चिमेला, तीन खाऱ्या तळ्यांच्या काठी हे मोकळं मैदान आहे. 12 ऑक्टोबर 1989 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी इथे मिस्सा केली. इंडोनेशियाचा ताबा असताना व्हॅटिकनने दिलीचं धर्मप्रांत इंडोनेशियाच्या बिशपांकडे सोपवलं नव्हतं, ते थेट रोमच्या अखत्यारीत ठेवलं होतं. हा प्रदेश इंडोनेशियाचा झाला हे व्हॅटिकनने कागदावर मान्य केलं नाही. त्याची किंमत ज्यांना कळली त्यांनी 2002 चा स्वातंत्र्यसोहळा याच मैदानात केला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस आले तेव्हा सुमारे सहा लाख माणसं इथे जमली. म्हणजे जवळजवळ अर्धा देश.

दुसरा दिवस : किनाऱ्यावरचे दूतावास

सकाळी आठला निघावं. दहानंतर ऊन सहन होत नाही, आणि कार्यालयं दुपारी जेवणासाठी बंद असतात. चालण्याची सुरुवात पालासियु दु गव्हेर्नु, म्हणजे सरकारी प्रासादापासून करावी. कमानींचा लांबट, पांढरा, पोर्तुगीज काळातला प्रासाद. पंतप्रधानांचं कार्यालय इथेच.

या इमारतीशी एक मोठं प्रकरण जोडलेलं आहे. 2004 मध्ये तिमोर समुद्रातल्या तेल आणि वायूच्या वाटपावर ऑस्ट्रेलियाशी बोलणी चालू होती. त्या काळात मदतकार्याच्या नावाखाली डागडुजी करताना ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेर खात्याने मंत्रिमंडळाच्या खोलीत ऐकण्याची यंत्रं बसवली, असा आरोप त्याच खात्यातल्या एका माजी अधिकाऱ्याने केला. तो ‘विटनेस के’ या नावाने ओळखला जातो. डिसेंबर 2013 मध्ये कॅनबेरात तिमोरच्या वकिलाच्या कार्यालयावर छापा पडला आणि कागद जप्त झाले. तिमोर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मार्च 2014 मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाला बजावलं की तिमोर आणि त्याचे वकील यांच्यातल्या बोलण्यात ढवळाढवळ करू नका. पुढच्या वर्षी कागद परत आले. समुद्राचा पुढचा भाग चौथ्या-पाचव्या दिवशी येईल.

प्रासादापासून पश्चिमेकडे निघालं की अव्हेनिदा प्रेझिदेंते निकोलाउ लोबातो या रस्त्यावर आकाइत इमारत येते. पोर्तुगालचा दूतावास तिच्यात आहे. युरोपीय संघाचं ‘काझा एउरोपा’ही याच रस्त्यावर. पुढे मोताएलचं चर्च, फारोल म्हणजे दीपगृह, आणि तिथून अव्हेनिदा दे पोर्तुगाल हा समुद्राकाठचा रस्ता. अमेरिका आणि जपान यांचे दूतावास याच रस्त्यावर आहेत. इमारती, पहारेकरी, गाड्यांच्या पाट्या यांचे फोटो काढू नयेत. पहारेकरी फोन मागून फोटो पुसायला लावतो, आणि त्यात अर्धा तास जातो. समुद्राकडे तोंड करून काढलेल्या फोटोला कुणाची हरकत नसते.

पुढे प्राया दूश कोकेइरूश, म्हणजे माडांचा किनारा. परराष्ट्र मंत्रालय इथे आहे आणि ही इमारत चीनने बांधून दिली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आणि संरक्षण मंत्रालयही चीनने बांधलं. 20 मे 2002 ला राजनैतिक संबंध जोडणारा पहिला देश चीनच होता. पण एवढ्यावरून तिमोर चीनच्या खिशात आहे असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. पोलीस प्रशिक्षणात ऑस्ट्रेलिया आहे, भाषा आणि कायदा पोर्तुगालचा आहे, किराणा माल इंडोनेशियाचा आहे, आणि खेड्यातला डॉक्टर बहुधा क्यूबात शिकलेला किंवा क्यूबन शिक्षकांच्या हाताखाली तयार झालेला आहे. क्यूबाने 2004 पासून शेकडो डॉक्टर पाठवले आणि तिमोरच्या शेकडो तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिलं. एकाच्या हाती सगळ्या चाव्या द्यायच्या नाहीत, हे इथल्या नेत्यांनी ठरवून केलेलं आहे.

दिलीत पश्चिम सहाराचाही दूतावास आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. सहरावी प्रजासत्ताकाला जगात मोजकेच देश मान्यता देतात आणि त्यांतला एक तिमोर. कारण सरळ आहे. पश्चिम सहारा आणि पूर्व तिमोर, दोन्ही 1975 च्या अखेरीस शेजाऱ्याच्या ताब्यात गेले. एक सुटला, दुसरा अजून अडकला आहे. यातून तिमोरला पैसा मिळत नाही, उलट मोरोक्कोची नाराजी येते. तरीही मान्यता टिकवून ठेवली आहे. या देशाच्या परराष्ट्र धोरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. म्यानमारच्या बाबतीतही तसंच झालं: लष्करशाहीविरोधी राष्ट्रीय एकता सरकारशी संपर्क ठेवल्यामुळे ऑगस्ट 2023 मध्ये लष्करी राजवटीने यांगूनमधल्या तिमोरच्या दूतावासप्रमुखाला देश सोडायला सांगितलं.

आणि तरीही हा देश आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत गेला, जिथे म्यानमारही सदस्य आहे. अर्ज मार्च 2011 चा. देश भूगोलात बसत होता. शंका होती ती माणसांची. आसियानच्या वर्षभर शेकडो बैठका चालतात, त्या सगळ्या इंग्रजीत. कस्टम, अन्नसुरक्षा, हवाई वाहतूक, प्रत्येक विषयाला जाणकार अधिकारी पाठवावा लागतो. जिथे प्रशासन पोर्तुगीज आणि तेतुम या स्थानिक भाषेत चालतं आणि एका खात्यात इंग्रजी मसुदा वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, तिथे हे भिजत घोंगडं साडेचौदा वर्षं पडून राहिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये तत्त्वतः होकार आला आणि 26 ऑक्टोबर 2025 ला क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला. मधल्या काळात, 30 ऑगस्ट 2024 ला, जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्वही मिळालं.

भारताबद्दल. बरीच वर्षं जकार्तातले भारतीय राजदूतच तिमोरचं काम पाहत. 7 सप्टेंबर 2023 ला दिलीत दूतावास उघडण्याची घोषणा झाली, आणि 10 ऑगस्ट 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू दिलीत आल्या. भारताच्या राष्ट्रप्रमुखाची ही पहिलीच भेट. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून दिली आणि जकार्ता या दोन्ही ठिकाणचे पत्ते व क्रमांक कागदावर उतरवून घ्यावेत. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद, मग दूतावास, मग तिमोरच्या इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याची परवानगी; हाच क्रम. पोलिसांचा कागद पोर्तुगीज किंवा तेतुममध्ये मिळतो, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर हाताशी ठेवावं. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाच्या शिक्क्याची छायाप्रत वेगळ्या पिशवीत असली की अर्धं काम सोपं होतं.

तिसरा दिवस : ठरावांचा इतिहास

तिमोरी प्रतिकाराचं अभिलेखागार आणि संग्रहालय प्रासादाजवळच आहे. लढा तीन आघाड्यांवर झाला असं इथे मांडलेलं आहे: डोंगरातली सशस्त्र आघाडी, शहरांतली गुप्त आघाडी आणि परदेशातली राजनैतिक आघाडी. पहिल्या दोन पाहताना वेळ भरभर जातो. तिसरीसाठी थोडी तयारी हवी, कारण ती कागदांची आहे.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले झुझे रामोस-होर्ता आक्रमणाच्या तीन दिवस आधी देशाबाहेर पडले. वय पंचविशीतलं. न्यूयॉर्कला पोचून त्यांनी सुरक्षा परिषदेपुढे बाजू मांडली आणि 22 डिसेंबर 1975 ला परिषदेने ठराव 384 मंजूर केला: इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावं. सैन्य मागे गेलं नाही. आमसभेत दरवर्षी ठराव येत राहिला आणि दरवर्षी पाठिंबा आटत गेला. 1982 च्या ठरावाला 50 मतं बाजूने, 46 विरुद्ध, 50 तटस्थ. चार मतांची आघाडी. पुढच्या वर्षी हरण्याची भीती होती. म्हणून त्यानंतर मतदानाला ठराव आणलाच नाही. विषय दरवर्षी पुढे ढकलला आणि यादीवर जिवंत ठेवला. या चार मतांनीच महासचिवांना सर्व संबंधितांशी बोलणी सुरू करण्याचा अधिकार दिला होता, आणि 5 मे 1999 चा इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रांचा करार त्याच धाग्यातून निघाला. 1982 मध्ये दोन-तीन छोट्या देशांनी हात दुसरीकडे वर केला असता तर तो धागा तुटला असता. संग्रहालयात बंदुकीपुढे गर्दी असते. माझ्या मते थांबावं ते या आकड्यांपुढे.

त्या वर्षांतल्या मतदानांत भारत इंडोनेशियाच्या बाजूने होता. पोर्तुगालच्या ताब्यातून 1961 मध्ये गोवा मुक्त झाला होता, जकार्ताशी मैत्री जुनी होती, आणि तिमोरकडे पाहण्याची दिल्लीची नजर त्यातूनच घडली. तिमोरी माणसाशी बोलताना हे आपल्याला माहीत असावं. ते लोक उगाळत बसत नाहीत. पुढे भारतीयांनी इथे मोठं कामही केलं: 2002 ते 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख कमलेश शर्मा होते, आणि 2006 च्या अंतर्गत दंगलीनंतर आलेल्या मोहिमेची धुरा 2009 पर्यंत अतुल खरे यांच्याकडे होती. दोघेही भारतीय परराष्ट्र सेवेतले.

दुपारी सांता क्रूझ कब्रस्तान. 12 नोव्हेंबर 1991 ला मोताएल चर्चमधून निघालेली शोकयात्रा इथे पोचली आणि सैनिकांनी गोळीबार केला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. मॅक्स स्टाल या पत्रकाराने ते चित्रित केलं, चित्रफीत कब्रस्तानातच पुरून ठेवली आणि नंतर देशाबाहेर काढली. त्याआधी परराष्ट्र मंत्रालयांना ‘पुरावा नाही’ म्हणून हात झटकता येत होते, त्यानंतर नाही. 1996 चं शांततेचं नोबेल दिलीचे बिशप बेलो आणि रामोस-होर्ता यांना मिळालं. 30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतात 98 टक्क्यांहून जास्त मतदारांनी मतदान केलं आणि 78.5 टक्क्यांनी स्वातंत्र्य निवडलं.

कब्रस्तानात लोक आपल्या माणसांना भेटायला येतात. डोक्यावरची टोपी काढावी, मेणबत्त्यांपासून दूर उभं राहावं, कुटुंबांचे फोटो घेऊ नयेत. जवळच बालिदे भागात जुन्या तुरुंगाच्या इमारतीत शेगा केंद्र आहे. ‘शेगा’ म्हणजे ‘पुरे झालं’. सत्यशोधन आयोगाचा 2005 चा अहवालही त्याच नावाचा. अंधारकोठड्या आहेत तशा ठेवल्या आहेत. 20 मे, 30 ऑगस्ट, 12 नोव्हेंबर, 28 नोव्हेंबर आणि 7 डिसेंबरला सरकारी सुट्टी असते, तेव्हा या तारखांना कार्यालयं व संग्रहालयं धरून बेत आखू नये.

चौथा आणि पाचवा दिवस : खरा तिमोर समुद्र

दिलीच्या पूर्वेला क्रिस्तो रेई हा येशूचा 27 मीटर उंच पुतळा आहे. इंडोनेशियाने 1996 मध्ये उभारला. पूर्व तिमोर हा आपला 27वा प्रांत, हा त्या उंचीचा अर्थ. सूर्योदयाला पायऱ्या चढून जावं. समोर निळा समुद्र आणि आताउरो बेट दिसतं. पुष्कळ जण हाच तिमोर समुद्र समजतात, पण हा वेतारची सामुद्रधुनी आहे, उत्तरेचा. भांडणाचा समुद्र डोंगरापलीकडे दक्षिणेला.

तिथे जायला चारही चाकांना ताकद असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी आणि चालक घ्यावा. दिली, आइलेउ, माउबिस्से, सामे आणि मग बेतानोचा किनारा. सामेपर्यंत सुमारे 110 किलोमीटर, पण वळणं अशी की चार-पाच तास लागतात. माउबिस्से थंड आहे, रात्री स्वेटर लागतो. कॉफीचे मळे इथलेच. सामेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बेतानो पाहून परतावं. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट केला तर परतीचा घाट अंधारात येतो, आणि रस्त्यावर गुरं, म्हशी आणि धुकं तिन्ही असतात. पेट्रोल दिलीतच पूर्ण भरावं.

बेतानोला पोचल्यावर दिसते ती काळी वाळू आणि रिकामं क्षितिज. त्या रिकाम्या जागेतूनच देशाचा संसार चालतो. 11 डिसेंबर 1989 ला ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी याच समुद्रावरून उडणाऱ्या विमानात तेलवाटपाच्या करारावर सह्या केल्या. ज्यांचा समुद्र त्यांना कुणी विचारलं नाही. पोर्तुगालने ऑस्ट्रेलियावर हेगमध्ये खटला भरला. 1995 मध्ये न्यायालयाने सांगितलं की इंडोनेशिया पक्षकार नसल्यामुळे निकाल देता येत नाही, पण तिमोरी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क सर्व देशांवर बंधनकारक आहे. मार्च 2002 मध्ये, तिमोर स्वतंत्र होण्याच्या दोन महिने आधी, ऑस्ट्रेलियाने समुद्रसीमेचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या कक्षेतून काढून घेतले. न्यायालयाचं दार बंद झालं.

तेव्हा तिमोरच्या वकिलांनी समुद्रविषयक कायद्याच्या कराराच्या पाचव्या परिशिष्टातली एक तरतूद काढली, सक्तीच्या सलोख्याची. आयोग निकाल लादू शकत नाही, पण समोरच्याला बोलणी टाळता येत नाहीत. ही तरतूद तोवर जगात कुणीच वापरली नव्हती. एप्रिल 2016 मध्ये तिमोरने ती वापरली. ऑस्ट्रेलियाने आयोगाला अधिकार नाही असा आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला. 6 मार्च 2018 ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला आणि 30 ऑगस्ट 2019 ला लागू झाला. सार्वमताला बरोबर 20 वर्षं झाली त्या दिवशी. सीमा बहुतांशी दोन्ही किनाऱ्यांच्या मध्यरेषेवर आली. ग्रेटर सनराइज या मोठ्या वायूक्षेत्राचा हिस्सा असा ठरला: वायूचा नळ तिमोरला आणला तर तिमोरला 70 टक्के, ऑस्ट्रेलियाला नेला तर 80 टक्के. कमी टक्के घेऊन नळ आपल्याच दक्षिण किनाऱ्यावर आणायचा, हा स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे पंतप्रधान झालेले शानाना गुझमाँव यांचा आग्रह, कारण सोबत रोजगार येईल. मधला समुद्र खोल आहे आणि खर्च प्रचंड, म्हणून वर्षानुवर्षं निर्णय लांबत गेला. तिकडे बायू-उंदान हे जुनं क्षेत्र 2025 मध्ये आटलं. 2005 मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम निधीतल्या पैशावर अंदाजपत्रक चालतं, आणि नव्या वायूशिवाय तो निधी किती वर्षं पुरेल हा इथला रोजचा प्रश्न आहे.

सहावा दिवस : सीमेकडे

दिलीहून पश्चिमेला सीमेवरचं बातुगादे सुमारे 115 किलोमीटर. रस्ता नवा, तीन तास पुरतात. तिबारला 2022 मध्ये सुरू झालेलं बंदर दिसतं. पुढे माउबाराचा किल्ला. हा भाग डचांकडे होता आणि 1859 च्या लिस्बन करारात पोर्तुगालकडे आला. बेटाची उरलेली वाटणी 1914 मध्ये हेगच्या लवादाने केली. म्हणजे आजची सीमा ही तिमोरी माणसाने आखलेली नाही, पण तीच त्याच्या राष्ट्राची चौकट झाली.

बातुगादेहून वर बालिबोचा घाट लागतो. 16 ऑक्टोबर 1975 ला ऑस्ट्रेलियन वाहिन्यांसाठी काम करणारे पाच पत्रकार इथे मारले गेले. ज्या घरावर त्यांनी ऑस्ट्रेलियाचा झेंडा रंगवला होता ते घर जपून ठेवलं आहे. बालिबोच्या किल्ल्यावरून समुद्र आणि पलीकडचा इंडोनेशिया दोन्ही दिसतात.

नाक्यावर एक चूक वारंवार होते. विमानतळावर मिळणारा व्हिसा जमिनीच्या नाक्यावर मिळत नाही. भारतीय पासपोर्टधारकाने मोताइन या इंडोनेशियाकडच्या नाक्यामार्गे तिमोरमध्ये यायचं असेल तर इमिग्रेशनचं पूर्वपरवानगी पत्र आधीच हातात लागतं. पश्चिम तिमोरमधल्या कुपांग शहराला बसने जाऊन यावं म्हणून लोक निघतात, बारा तासांचा प्रवास करतात, आणि परतीला मोताइनलाच अडकतात. तिथून मागे कुपांग, मग विमानाने बाली, मग दिली. तीन दिवस आणि बरेच पैसे जातात. इंडोनेशियाचा एकाच प्रवेशाचा व्हिसा बालीत वापरलेला असेल तर कोंडी दुहेरी. आतांबुआ, कुपांग आणि देनपासार इथे तिमोरचे वाणिज्य दूतावास आहेत, अर्ज तिथे करता येतो, पण तो जाण्याआधी. नुसती सीमा पाहायची असेल तर नाका न ओलांडता दुपारी दिलीला परतावं.

सातवा आणि आठवा दिवस : ओएकुस्सी

ओएकुस्सी हा तिमोर-लेस्तेचाच जिल्हा, पण तीन बाजूंनी इंडोनेशिया आणि चौथ्या बाजूला समुद्र. दिलीहून रस्त्याने जायचं तर दोनदा देश ओलांडायचा: बातुगादेला बाहेर, विनी-साकातो नाक्यावर पुन्हा आत. कागद वर सांगितल्याप्रमाणे दुप्पट. म्हणून विमान किंवा फेरीबोट बरी. ‘बर्लिन नाक्रोमा’ ही बोट जर्मनीच्या मदतीने आली. ती दुपारनंतर सुटते आणि सकाळी पोचते. वेळापत्रक आठवड्यातल्या ठरावीक दिवसांचं असतं आणि बोट दुरुस्तीला गेली की सगळंच थांबतं. तिकीट आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन घ्यावं, अंथरायला चटई, पाणी आणि खाणं बरोबर ठेवावं. परतीच्या विमानाआधी निदान दोन दिवस हातात असावेत.

लिफाउ हे पांते माकासार या ओएकुस्सीच्या मुख्य गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. पोर्तुगीज पहिल्यांदा इथे उतरले असं मानतात. स्मारकावर 18 ऑगस्ट 1515 ही तारीख आहे. राजधानी 1769 मध्ये इथून दिलीला हलली. या सगळ्या काळात आणि त्यानंतरही 1844 पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. हुकूम पणजी-जुन्या गोव्याकडून येत, आणि गोव्याचे पाद्री व अधिकारी इथे नेमले जात. त्याची एक खूण बाजारात कानावर पडते. तेतुममध्ये पाव म्हणजे ‘पाऊन’, साबण म्हणजे ‘साबाऊन’, चावी म्हणजे ‘शावे’, नाताळ म्हणजे ‘नाताल’. शब्द त्यांनीही पोर्तुगीजांच्याच घरून घेतले आणि आपणही.

ओएकुस्सीच्या पश्चिम टोकाला नोएल बेसी नदीकाठी सित्रानाची भातशेती आहे. इंडोनेशियाशी 2005 मध्ये सीमाकरार झाला तेव्हा सुमारे 96 टक्के रेषा ठरली. उरलेल्या भागांत हा एक, दुसरा बिजाएल सुनान-ओबेनचा. वाद नदीच्या कोणत्या फाट्याला सीमा म्हणायचं याचा आहे. 2019 मध्ये तत्त्वतः सहमती जाहीर झाली, तरी त्यानंतरही अंतिम सही लांबत राहिली. शेतकऱ्यांची नातीगोती दोन्हीकडची. लग्नं, मयत, गुरं सगळं नदी ओलांडून चालतं. त्या भागात जायचं असेल तर आधी पांते माकासारच्या प्रशासन कार्यालयात सांगावं आणि गावचा माणूस बरोबर घ्यावा. नदीपात्रात उतरू नये. पात्र कोरडं असलं तरी पलीकडे इंडोनेशियाची चौकी असते. परतायला दुपारी तीनच्या आत निघावं, म्हणजे बोटीच्या दिवशी धक्क्यावर वेळेत पोचता येतं.